कुठल्या महिन्यात मोजलंस?

आदरणीय बाई,

मी गोव्यातल्या चोडण बेटावरची. यंदा एम.एस्सी. झाले. दोन वर्षांमागे मे महिन्याच्या भरतीत आमच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या भातजमिनीचा, बांध फुटला आणि महिनाभर खारं पाणी शेतात होतं. माझा प्रबंध त्यावरच आहे. तीस ठिकाणची माती तपासली. इंजिनिअरिंगला असलेल्या मावसभावाने क्षार मोजणारं छोटं यंत्र करून दिलं. शिवाय बावीस शेतकऱ्यांशी बोलले. माझे मार्गदर्शक म्हणतात, मातीचं ठेव, मुलाखती काढ, ते विज्ञान नव्हे. तसंही शेतकऱ्यांचं म्हणणं मीटरशी जुळत नाही. मीटर म्हणतं मानशीजवळची (भरतीचं पाणी अडवणाऱ्या दारांजवळची) शेतं जास्त खारट, शेतकरी म्हणतात मधली. म्हणून ती पानं मी काढून टाकली. आता एका आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय नियतकालिकाची मेल आलीय. विज्ञान, तंत्रज्ञान, समाजशास्त्र सगळंच छापतात, तीन दिवसांत, अडीच हजार रुपयांत, प्रमाणपत्रासह. मावसभाऊ म्हणतो, भरून टाक, पीएच.डी.च्या मुलाखतीला पेपर लागतो. बाबा प्रबंध चाळून म्हणाले, 'हाचो आमकां कितें उपेग?' मला उत्तर देता आलं नाही. पैसे भरू का? आणि बाबांना काय सांगू?

— बांधावरची, चोडण

प्रिय बाय,

पैसे भरू नकोस. हे आधी सांगून टाकते, कारण मेलमध्ये त्यांनी 'सवलत फक्त ४८ तासांसाठी' असं लिहिलंय आणि माझं उत्तर छापून येईतो तुझा जीव टांगणीला लागेल. ते ४८ तास संपू देत. पुढच्या आठवड्यात तीच सवलत पुन्हा येईल, बघ.

मेल तू पत्राला जोडलीस ते फार बरं केलंस. मी ती नीट वाचली. तेवीस वर्षांच्या मुलीला 'प्रतिष्ठित प्राध्यापक महोदय' असं संबोधलंय. खाली विषयांची यादी आहे, तीत परिचर्या, स्थापत्य अभियांत्रिकी, संस्कृत साहित्य, हॉटेल व्यवस्थापन, मृदाशास्त्र आणि आयुर्वेद एकाच ओळीत. संपादक मंडळाचं नाव नाही, एक व्हॉट्सॲप नंबर आहे. आयएसएसएन क्रमांक ठळक अक्षरांत छापलाय. आयएसएसएन ही गाडीची नंबरप्लेट असते, बाय. गाडी नोंदलेली आहे एवढं त्यावरून कळतं, चालवणाऱ्याला ब्रेक कुठे आहे ते माहीत आहे की नाही ते कळत नाही. 'इम्पॅक्ट फॅक्टर'चंही तसंच. हा आकडा क्लॅरिव्हेट नावाची कंपनी काढते. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांचा त्या वर्षी इतरांनी किती वेळा आधार घेतला, त्याची ती सरासरी असते. तुझ्या मेलमधला ८.१ हा आकडा कुणी काढला, ते कुठेच लिहिलेलं नाही.

असली दुकानं किती सहज लेख घेतात, याचा एकाने पुरावाच गोळा केला होता. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकाराने एक मुद्दाम चुकांनी भरलेला, बनावट वैद्यकीय लेख ३०४ खुल्या (कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या) नियतकालिकांकडे पाठवला. त्यातले प्रयोग असे होते की रसायनशास्त्र थोडंफार शिकलेल्या माणसालाही चूक दिसावी. १५७ ठिकाणी तो स्वीकारला गेला. स्वीकारणाऱ्यांत काही नावाजलेल्या प्रकाशकांची नियतकालिकंही होती, म्हणून नुसत्या नावावरही जाऊ नये.

आणखी एक अडचण आहे, ती भावाला समजावून सांग. तिथे एकदा लेख छापून आला की तोच लेख तुला दुसरीकडे देता येत नाही. चांगलं नियतकालिक एकदा छापलेलं पुन्हा घेत नाही. मागे घ्यायचा म्हटलं तर ही मंडळी मागे घेण्याचे वेगळे पैसे मागतात. एम.एस्सी.ची दोन वर्षं, तीस ठिकाणची माती, बावीस घरांच्या पायऱ्या, सगळं एका जागी गाडलं जाईल.

आणि पीएच.डी.च्या मुलाखतीला छापलेला पेपर लागतोच, हे भावाचं म्हणणं बरोबर नाही. प्रवेशाला तशी सरसकट अट नाही. प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेला हवा ही जुनी सक्तीसुद्धा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत काढून टाकली. विद्यापीठ स्वतःचे नियम घालू शकतं, तेव्हा तू अर्ज करशील तिथलं परिपत्रक वाच. पूर्वी मुलं नियतकालिक खरं की खोटं ते आयोगाच्या 'केअर' यादीत पाहत. ती यादीही २०२५ मध्ये बंद झाली. म्हणजे आता पारख ज्याची त्याने करायची. मला यात एक भीती वाटते. ज्या मुलांच्या घरात शिकलेलं कुणी नाही आणि ज्यांचे मार्गदर्शक घाईत असतात, त्यांनाच असल्या मेल खऱ्या वाटतात.

आता 'तीन दिवसांत' या शब्दांकडे येते. कारण ते तीन दिवस आणि तुझं एक वाक्य यांचा संबंध आहे.

माझी एक गोष्ट सांगते. १९९० च्या दशकात मी खाणपट्ट्यातल्या एका गावात विहिरींच्या पाण्याचा अभ्यास केला. चौदा विहिरी. प्लास्टिकच्या बाटल्या, त्यांवर चिकटपट्टीने नंबर. एका घरची म्हातारी दर वेळी मला पेज द्यायची आणि दर वेळी म्हणायची, 'आतां न्हय गे बाये, वैशाखांत यो. तेन्ना उदक तांबडें येता.' मी हसून मान हलवायची. कॉलेज जूनमध्ये सुरू व्हायचं, प्रयोगशाळा जुलैत मोकळी मिळायची, म्हणून मी जुलै-ऑगस्टमध्ये पाणी नेलं. चौदाही विहिरींत लोह मर्यादेत निघालं. निबंध लिहिला, एका चांगल्या नियतकालिकाकडे पाठवला. पाच महिन्यांनी तो परत आला. परीक्षकाचं नाव नव्हतं, असा रिवाजच आहे. त्याने चार ओळी लिहिल्या होत्या, त्यातली पहिली अशी: 'नमुने कुठल्या महिन्यात घेतले? पावसाळ्यापूर्वीचे का नाहीत?'

मला भयंकर राग आला. आठवडाभर तो कागद मी कपाटातून काढला नाही. मग मे महिन्यात पुन्हा त्या गावी गेले. विहिरी खोल गेल्या होत्या. म्हातारीच्या विहिरीचं पाणी मी बाटलीत भरलं, तासाभरात बाटलीच्या तळाशी तांबूस थर बसला. चौदापैकी पाच विहिरींत लोह मर्यादेबाहेर. ती पायरीवर बसून बघत होती. एवढंच म्हणाली, 'तेन्नाच म्हणटालें तुका.'

जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या, मला कधीही न भेटलेल्या माणसाने आणि पेज देणाऱ्या म्हातारीने मला एकच प्रश्न विचारला होता. एकाचा राग आला, एकीला हसले. तीन दिवसांत छापणारं कुणी तेव्हा भेटलं असतं तर 'चौदाही विहिरींचं पाणी निर्धोक' असा माझ्या नावाचा निबंध आज कुठेतरी असता आणि कुणीतरी तो त्या गावाविरुद्ध वापरलाही असता.

आता तुझं ते वाक्य. 'शेतकऱ्यांचं म्हणणं मीटरशी जुळत नाही, म्हणून ती पानं मी काढून टाकली.' बाय, तुझं संशोधन त्या पानांत आहे. ती फेकली नसशील अशी आशा करते.

प्रबंधाची जी पानं पाठवलीस त्यांत तारखा आहेत: ८ जुलै ते २६ जुलै. भर पावसात. तेव्हा मांडवी नदी वरच्या थरात जवळजवळ गोडी असते. उन्हाळ्यात भरतीबरोबर खारं पाणी किती तरी आत चढतं, पावसात ते मागे रेटलं जातं. खाजनातही पाऊस क्षार धुऊन पाण्याबरोबर मानशीतून बाहेर काढतो. जुलैत तू मोजलंस ते धुतलेल्या मातीचं मोजमाप आहे. शेतकरी 'मधली शेतं खारट' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर कुठला महिना असतो, हे तू त्यांना विचारलंस का? तू पाठवलेल्या दोन मुलाखतींत तसा प्रश्न नाही. पण एकाचं वाक्य तू जसंच्या तसं उतरवलंयस, त्याबद्दल तुझं कौतुक: 'मदल्या शेतांत कणसां येतात, पूण भरनात.' कणसं येतात पण भरत नाहीत, हे भाद्रपदाच्या शेवटाचं, आश्विनाचं बोलणं आहे. भात दोन वेळा क्षाराला फार हळवं असतं, एकदा रोप कोवळं असताना आणि पुन्हा फुलोऱ्यात. पाऊस ओसरला की साचलेलं पाणी आटतं आणि खालचा क्षार वर येतो. मानशीजवळची शेतं ओहोटीबरोबर निथळतात. मधली खोलगट असतील तर तिथलं पाणी निथळणार नाही, जागच्या जागी आटेल. की बांधाला कुर्ल्यांनी बिळं पाडलीत आणि तिथून झिरपा लागतोय? मी इथे बसून सांगू शकत नाही. तू सांगू शकतेस, कारण रिबंदरहून फेरीबोटीने उतरलं की ते शेत तुझ्या वाटेवर आहे.

म्हणजे मीटर खोटं नाही आणि शेतकरीही खोटे नाहीत. ते वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलतायत.

माझी शंका अशी आहे. ती खोटी ठरली तरी हरकत नाही, मोजून खोटी ठरव.

दुसरी एक गोष्ट मला खटकली. तू लिहिलंयस, सगळी मापं ४ च्या आत, म्हणून जमीन 'क्षारयुक्त नाही'. ती चारची मर्यादा, चार डेसीसिमेन्स प्रति मीटर, संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरती भिजवलेल्या, मातीतून काढलेल्या अर्काला लागू असते. तू एक भाग मातीत दोन भाग पाणी घालून मोजलंस. पाणी जास्त घातलं की क्षार पातळ होतो आणि आकडा खाली येतो. आमटीत तांब्याभर पाणी ओतून 'मीठ बेतानंच आहे' म्हणण्यासारखं ते झालं. तुझ्या ३.१ ला त्या चारशेजारी बसवताच येणार नाही. काही नमुने संपृक्त पद्धतीने पुन्हा मोज, दोन्हींचं नातं तुझ्याच मातीवर बसव, मग निष्कर्ष लिही. भावाच्या यंत्राचंही एक बघून घे. असं यंत्र क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतं आणि तापमान एक अंशाने वाढलं की ती साधारण दोन टक्क्यांनी वाढते. उन्हात मोजलेलं आणि सकाळी मोजलेलं सारखं नसतं. २५ अंशांवर आणून लिहायची रीत आहे, त्याने ती धरलीय का ते विचार. प्रमाणित द्रावणाची बाटली विकत मिळते, दर दिवशी सुरुवातीला यंत्र तिच्यात बुडवून आकडा लिहून ठेवायचा. वाचलेल्या अडीच हजारांतले थोडे पैसे तिथे खर्च कर.

मार्गदर्शकांबद्दल. 'मुलाखती विज्ञान नव्हे' हे त्यांचं म्हणणं मला मान्य नाही, पण त्यांची धास्ती मला समजते. तीन विषय एकत्र आणले की तिन्ही अर्धवट राहतात, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलं असेल. मीही पाहिलंय. आजकाल 'बहुविद्याशाखीय' हा शब्द प्रत्येक परिसंवादाच्या फलकावर असतो आणि आत गेलं तर एका खोलीत चार विषयांची माणसं चार वेगळी भाषणं करत असतात. तो सगळा खटाटोप मला नकोसा वाटतो. प्रश्न एकच असावा आणि त्याच्या उत्तरासाठी ज्या दाराशी जावं लागेल तिथे जावं.

हे कसं करायचं ते आपल्याच मातीतल्या एका माणसाने दाखवून दिलंय. दामोदर धर्मानंद कोसंबी. १९०७ मध्ये गोव्यात, कोसबेला जन्म. मूळचे गणिती. त्यांना प्रश्न पडला की जुनी आहत (ठसे मारलेली) नाणी कुठली आधीची आणि कुठली नंतरची, हे कसं सांगायचं? त्यांनी तराजू घेतला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं आणि हलकं होतं. म्हणून ढिगातल्या एकेका नाण्याचं वजन करायचं आणि संख्याशास्त्र लावायचं. चालू चलनातली नाणी वजन करून झीज कशी होते ते आधी पडताळून पाहिलं. प्रश्न इतिहासाचा, तराजू प्रयोगशाळेचा, हिशेब गणिताचा. गावोगावच्या देवतांच्या जागा पायी फिरून पाहतानाही त्यांची रीत हीच. आणि १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं. ते आजही 'कोसंबी फंक्शन' म्हणून जगभर वापरतात, भाताच्या जनुकांचे नकाशे काढतानाही. क्षार सोसणाऱ्या भाताचं जनुक शोधणारी माणसं कोसबेच्या माणसाचं सूत्र हाताशी धरतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वर्गात शिकवणं थांबवून मुलांना ते सांगितलं होतं.

पण कोसंबींनी प्रत्येक दाराशी जाताना तिथली भाषा शिकून घेतली, हेही लक्षात घे. तुलाही मातीचं काम मातीच्या जाणकारापुढे उभं राहील असं करावं लागेल आणि मुलाखती मुलाखतींच्या जाणकारापुढे.

त्यासाठी दोनच सूचना. बावीस माणसांशी बोलून 'अडुसष्ट टक्के शेतकऱ्यांच्या मते' असं लिहू नकोस, 'बावीसपैकी पंधरा' लिही. आणि 'मधली शेतं खारट आहेत का?' असं विचारू नकोस, त्यात उत्तर तूच देतेस. 'यंदा कुठल्या शेतात पीक कसं आलं, कधीपासून कळलं?' असं विचार आणि गप्प बस. माणसं महिना सांगतात, सण सांगतात, 'चवथीक बरें आशिल्लें' असं सांगतात. ते तसंच उतरव, तारखा नंतर लावता येतात.

मार्गदर्शकांना पटवायचं तर खाजनाचंच उदाहरण दे. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून गावकऱ्यांनी खाडीकाठी ही जमीन बांध घालून उचलून घेतली. गोव्यात आजही सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे म्हणतात. चिखलमातीचा आणि चिऱ्यांचा बांध, मानशीची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी, आत पोय म्हणजे पाण्याचा खोलगट साठा, पोयीत मासळी, वर भात. आणि हे सगळं चालायला गावकीचे नियम: बांध कोण राखील, मानशीचा लिलाव कोण घेईल, पैसे कशाला लागतील. लिलाव घेतलेल्याला मासळी हवी असते. रात्रीच्या भरतीला त्याने दारं थोडी जास्त वेळ उघडी ठेवली तर कोळंबी चांगली मिळते आणि खारं पाणीही आत येतं. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्या कुळांकडे हक्क आले, कुळांच्या संघांकडे बांधाची जबाबदारी आली, आणि भात की मासळी हा वाद गावागावांत उभा राहिला. आता तू सांग, मधल्या शेतातला क्षार समजून घ्यायचा असेल तर मानशीची दारं कधी आणि कुणी उघडली हे न विचारता चालेल का? मातीच्या बाटलीत ते उत्तर नाही. हा मुद्दा मार्गदर्शकांपुढे नम्रपणे ठेव, वाद घालू नकोस. 'सर, ऑक्टोबरचं मोजमाप झालं की पुन्हा येते, मग ठरवू या' एवढं म्हण. आकडे हातात असले की माणसं ऐकतात.

सल्ला मागायला लांब जावं लागणार नाही. जुन्या गोव्याजवळ एला येथे किनारी शेतीची केंद्रीय संशोधन संस्था आहे, खाजनातल्या भातावर आणि क्षार सोसणाऱ्या जातींवर तिथे वर्षानुवर्षं काम चाललंय. दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, नद्यांच्या भरती-ओहोटीचं जाणणारी माणसं तिथे आहेत. एक पानाचं पत्र लिहून वेळ माग. पत्रात तुझा नेमका प्रश्न असू दे. 'मार्गदर्शन करावे' असं मोघम लिहिलंस तर उत्तर यायला उशीर लागतो.

निबंध कुठे द्यायचा ते घाईने ठरवू नकोस. चांगलं नियतकालिक ओळखायची माझी रीत अशी: तुझ्या प्रबंधाच्या संदर्भांत ज्या निबंधांवर तू खरंच विसंबलीस ते कुठे छापलेत ते बघ. त्यातल्या एखाद्या नियतकालिकाचे मागचे पाच लेख वाच. संपादक मंडळातल्या एका माणसाला मेल करून विचार की आपण खरोखर तिथे आहात का. असल्या दुकानांत नामवंतांची नावं त्यांना न विचारता लावलेली सापडतात. पैसे घेणारं प्रत्येक नियतकालिक वाईट असतं असंही नाही. पण शुल्क किती, माफी कुणाला, हे संकेतस्थळावर उघड लिहिलेलं हवं. वाचायला निबंध मिळत नाहीत ही जुनी तक्रार आता थोडी कमी झालीय. २०२५ पासून केंद्राच्या 'एक राष्ट्र एक वर्गणी' योजनेतून सरकारी संस्थांना हजारो नियतकालिकं खुली झाली आहेत. विद्यापीठाच्या ग्रंथपालाकडे जाऊन विचार, ग्रंथपाल ही फार उपयोगी पडणारी माणसं असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही.

भावाचं नाव लेखक म्हणून घाल, यंत्र त्याने बनवलंय आणि ते कसं चालतं ते त्यानेच लिहायला हवं. बावीस जणांचे आभार मान, पण नावं छापण्याआधी एकेकाला विचार. लिलाव, दारं, मासळी यांबद्दल बोललेल्या माणसाला गावात राहायचं असतं.

पीएच.डी.च्या मुलाखतीत पेपर नाही म्हणून खाली मान घालू नकोस. सरळ सांग: 'माझं मोजमाप जुलैचं होतं, शेतकऱ्यांचा अनुभव आश्विनाचा होता, म्हणून मी पुन्हा मोजलं.' मी अशा मुलाखतींना समोरच्या बाजूने बसलेय. असं बोलणारी मुलं वर्षाला एखादी येतात.

राहिले बाबा.

मी त्या म्हातारीकडे मे महिन्यात गेले, नमुने घेतले, निबंध सुधारला, तो छापून आला. त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही. तिच्या विहिरीचा आकडा तिला सांगितला नाही. नोकरी, मुलं, परीक्षा, कारणं पुष्कळ होती. चार वर्षांनी त्या गावात एका लग्नाला गेले तेव्हा तिच्या सुनेने विचारलं, 'माँयच्या बांयच्या उदकाचें कितें जालें?' म्हातारी तोवर गेली होती. इतकी वर्षं झाली, मला अजून ते विसरता येत नाही. छापलेल्या निबंधात तिची विहीर ९ नंबरची आहे.

म्हणून बाबांचा प्रश्न मला उद्धट वाटत नाही, तू मनाला लावून घेतलास तसा घेऊही नकोस. त्यांना आत्ता उत्तर देण्यासारखं तुझ्याकडे काही नाही, हे त्यांना सांगून टाक. आणि मग त्यांनाच विचार की मधल्या शेताचं काय कळलं तर त्यांना उपयोग होईल. कदाचित ते म्हणतील, बांध नेमका कुठे झिरपतो ते सांग. कदाचित म्हणतील, त्या शेतात यंदाचं बी टाकायचं की पुन्हा कोरगुट, म्हणजे क्षार सोसणारं आपलं जुनं भात. कदाचित मानशीवरून संघाच्या बैठकीत भांडण चाललं असेल आणि त्यांना हातात एक कागद हवा असेल. मिळालेल्या उत्तरावरून तुझ्या मोजमापाच्या जागा ठरव. एका हंगामाच्या आकड्यांवरून कुणाला अमुक पेरा असं मात्र सांगू नकोस. पीक गेलं तर तुझं काही जाणार नाही, त्यांचं वर्ष जाईल.

आणि सगळं झालं की एक पान कर. कोंकणीत कर की मराठीत, घरी जे वाचतात त्यात. खाजनाचा हाताने काढलेला नकाशा, मानस, पोय, बांध, शेतांना लोक देतात ती नावं. तुझे तीस नंबर तिथे घालू नकोस. प्रत्येक शेताशी दोन आकडे, जुलैचा आणि ऑक्टोबरचा. ते पान संघाच्या बैठकीत वाचून दाखव, कुणी 'हें चुकलां' म्हटलं तर तिथेच लिहून घे.

चवथ झाली की पाऊस हळूहळू कमी होईल. सप्टेंबरच्या अखेरीपासून कापणीपर्यंत दर आठवड्याला एकदा त्याच तीस जागी जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणि मधल्या भांगेला (भरती कमी चढते तेव्हा), दोन्ही वेळा. मुरगावच्या भरती-ओहोटीचं कोष्टक सर्वे ऑफ इंडिया छापतं, ते मिळव. चोडणला भरती पोचायला थोडा उशीर लागतो, तो किती ते मानशीपाशी उभं राहून घड्याळात बघ. वहीत प्रत्येक आकड्यापुढे तारीख, वेळ, पाऊस कधी पडून गेला आणि दारं उघडी होती की बंद हे लिही. बाबांना बरोबर ने. बांधावरून चालताना ते कुठे थांबतात आणि कुठे पाय जपून टाकतात तेही बघ, तिथे एक बाटली जास्तीची भर.

कापणी झाल्यावर मला मधल्या शेताचा आकडा कळव. मी वाट बघतेय.

तुझी,
बाई